पांढरा टेकू

मी म्हातारा बोलतोय. हे नाव मी स्वतः घेतलेलं नाही, ते खालच्या हावोद नावाच्या शेतघरातल्या माणसांनी ठेवलं. मी एक दगड आहे. कुम हेलिगच्या दरीत, तळ्याच्या कडेला जिथे सपाटी संपते आणि उतार एकदम खाली सुटतो, त्या ओठावर बसलेला एका खोलीएवढा दगड. खालून बघणाऱ्याला वाटतं, कुणी म्हातारा वाकून दरीत हरवलेलं काहीतरी शोधतोय.

माझं काहीही हरवलेलं नाही. मी खाली बघतो तो भीतीने. मी घसरलो तर ज्या रेषेत जाईन त्याच रेषेत हावोदचं घर आहे. पाटीच्या दगडाचं छप्पर, धुराडं, अंगणात कोंबड्या आणि त्या कोंबड्यांवर खेकसणाऱ्या नेस्तबाई. इतकं थेट बरोबर खाली की पावसाचा थेंब माझ्या कपाळावरून निघाला तर वाट न चुकता त्यांच्या मागच्या दारी पोचतो.

माझा जन्म दरीच्या मागच्या भिंतीत झाला. तिथे आता एक काळी फट आहे. वारा फिरला की त्या फटीतून धुकं उतू जाणाऱ्या दुधासारखं वर येतं आणि बघता बघता तळं गिळून टाकतं. त्या भिंतीत मी भावंडांच्या खांद्याला खांदा लावून निर्धास्त उभा होतो. मग बर्फ आला.

बर्फाची ताकद लोकांना कळत नाही, कारण तो धावून येत नाही. त्याने आधी माझ्या पाठीमागच्या चिरेत नुसतं पाणी सोडलं. मग ते गोठवलं. पुन्हा सोडलं, पुन्हा गोठवलं. एक दिवस मी भिंतीतून उपटला गेलो आणि त्याच्या पोटात अडकलो. आम्ही पुढे सरकत होतो, पण इतके सावकाश की जागच्या जागीच आहोत असं वाटे. आवाज मात्र अखंड चालू असायचा. खालचा खडक खरवडला जात होता, आणि खरवडणाऱ्यांत मीही होतो.

ते ओरखडे अजून आहेत. ऊन तिरपं पडलं की तळ्याकाठच्या गुळगुळीत कातळावर सगळ्या रेघा एकाच दिशेने गेलेल्या दिसतात. डोंगर चालायला येणारी माणसं त्यांवर बोटं फिरवतात आणि किती सुंदर, किती सुंदर म्हणतात. मी तिकडे बघायचं टाळतो.

पुढे बर्फ वितळला आणि जाताना पाहुण्यासारखा सगळा पसारा तसाच टाकून गेला. मातीदगडांचे ढीग खाली राहिले. त्यांवर आता गवत आहे आणि मेंढ्या चरतात. खोलगट जागेत पाणी साचलं, त्याचं तळं झालं. मला त्याने ओठावर ठेवलं, आणि तेही नीट जमिनीवर नाही. मी तीन लहान दगडांवर टेकलो होतो. मागचे दोन काळे, रुंद, भरवशाचे. पुढचा, दरीच्या बाजूचा, पांढऱ्याशुभ्र गारगोटीचा. पुढचा सगळा भार त्या पांढऱ्यावर होता. तो टेकू होता म्हणून मी दगड होतो. नाहीतर मी कधीच एक अपघात झालो असतो.

माणसं फार नंतर आली. कुणा शहाण्याने माझ्या बरोबर खाली घर बांधलं. तिथे वारा कमी लागतो, ओढा जवळ आहे, आणि वर बघितलं की मी दिसतो. त्यांना वाटलं, म्हातारा घराची राखण करतोय. घरातलं कुणीही डोंगरावर निघालं की माझ्या अंगावर एक थाप मारायचं आणि म्हणायचं, “म्हाताऱ्या, घराकडे लक्ष असू दे.” बाप म्हणायचा ते ऐकून मुलगा म्हणायचा. कुणी हे वाक्य शिकवलं नाही आणि कुणी विसरलंही नाही.

थाप मारली की मला धडकी भरायची.

मेंढ्यांचंही तसंच. या डोंगराला कुंपण नाही. तरी प्रत्येक मेंढीला आपली जागा ठाऊक असते, कारण तिच्या आईने ती दाखवलेली असते आणि आईला तिच्या आईने. शेत विकलं तरी मेंढ्या त्या डोंगरावरच राहतात; नव्या मालकाला त्या जमिनीबरोबर मिळतात. माझ्या पाठीमागचा, वारा न लागणारा गवताचा तुकडा अशाच एका घराण्याचा होता. माझ्या ओळखीतल्या सगळ्यात जुन्या त्याच. त्यांच्या ऊबदार पाठी मला टेकलेल्या असल्या की माझी भीती जरा कमी व्हायची.

नेस्तबाईंना दोन मुलं. थोरली लोवरी, धाकटा एमिर. नवरा लवकर गेला, शेत लोवरीने सांभाळलं. एमिर गडगे रचायचा, म्हणजे माती-चुना न लावता नुसता दगडावर दगड बसवून कुंपणाच्या भिंती घालायचा. त्याचा जोडीदार गेथिन. दोघे डोंगरात अडकलेल्या माणसांना सोडवून आणणाऱ्या पथकातही होते. एमिर बोलका, गेथिन कुरकुऱ्या, आणि दोघांचं एकमेकांवाचून पान हलत नसे.

एका हिवाळी दुपारी धुकं फटीतून बाहेर पडलं आणि वरच्या खिंडीत दोन भटके वाट चुकले. पथक वर गेलं. एमिर सगळ्यात पुढे होता. घाईत होता, तरी त्याने माझ्या अंगावर थाप मारली आणि ते नेहमीचं वाक्य म्हटलं. भटके सापडले, सुखरूप खाली आले. परतताना खिंडीच्या कडेला बर्फाचा जो पुढे आलेला भाग असतो, ज्याच्या खाली काहीच नसतं, त्यावर एमिरचा पाय पडला. त्याला खाली आणलं तेव्हा तो माझ्याजवळून गेला, पण थाप मारायला त्याचा हात मोकळा नव्हता. तो अंथरुणासारखा गुंडाळलेला होता.

गेथिनने खिंडीत पांढऱ्या दगडांची एक लहानशी रास रचली. पांढरी अशासाठी की धुक्यातही दिसावी आणि कुणी पुन्हा कडेला जाऊ नये. लोवरीने खालच्या फाटकावर एक पाटी लावली. खिंडीकडे जाणाऱ्याने वाटेतला एक पांढरा दगड उचलून एमिरसाठी वर न्यावा, एवढंच त्यावर लिहिलं होतं.

लोक किती मायेचे असतात याची मला कल्पना नव्हती. एमिरला कधी न बघितलेली माणसं दगड नेऊ लागली. पाठीवर ओझं, हातात काठ्या, गळ्यात नकाशा, आणि बगलेत एक पांढरा दगड. कुणी त्यावर आपल्या गेलेल्या माणसाचं नाव लिहायचं. कुणी माझ्या आडोशाला बसून मनुकांचा पाव खाताना तो दगड मांडीवर घेऊन बसायचं. खिंडीतली रास वाढत गेली. लोवरी वर जाऊन यायची तेव्हा तिचा चेहरा उजळलेला असायचा. त्या पाटीने तिला तगवलं, हे मी डोळ्यांनी बघितलं आहे.

पण दरीत पांढरे दगड थोडे. बाकी सगळा छपरावर घालतात तो पाटीचा दगड, पापुद्र्यांचा. आधी फाटकाजवळची गारगोटी संपली, मग ओढ्यातली, मग वाटेच्या दोन्ही कडांची. माणसं थोडं इकडेतिकडे बघू लागली. आणि माझ्या पोटाखाली, सावलीत, एक पांढरं काहीतरी चमकत होतं.

तो टेकू आधीच थकलेला होता. थंडीने त्याला बारीक भेगा पाडल्या होत्या. पहिल्यांदा कुणीतरी त्याची एक कपची काढली, मुठीत मावेल एवढी. मला गुदगुल्या झाल्यासारखं वाटलं, आणि लगेच माझ्या अंगातून थंडगार काहीतरी सरकून गेलं. दुसऱ्याने दुसरी कपची काढली. प्रत्येकाला वाटलं, आपण एकच तर नेतोय. प्रत्येकाचं खरंही होतं.

शेवटचा तुकडा एका नवराबायकोने नेला. भली माणसं. तिने लाल टोपी घातली होती, त्याचा गुडघा दुखत होता. पाटी वाचून ते हळहळले होते, आणि फाटकापासून इथपर्यंत दगड मिळाला नाही म्हणून खट्टू झाले होते. तिने वाकून माझ्याखाली बघितलं आणि हात घातला. तुकडा घट्ट होता. त्याने काठीचं टोक घालून हलवला, तिने ओढला. मला ओरडता आलं असतं तर त्या दिवशी मी भिंती हादरवल्या असत्या. मी नुसता बसून राहिलो. दगडाला तेवढंच येतं.

तो निघाला. तिने तो पदराने पुसावा तसा टोपीने पुसला. जाताना तिने प्रेमाने माझ्या अंगावर हात ठेवला.

ते दिसेनासे झाल्यावर मी हललो. बोटभर असेन. पण बर्फ गेल्यापासून मी हललो नव्हतो. माझ्याखाली वाळूचे कण चुरडले गेले आणि तो जुना आवाज आला, खरवडण्याचा. मागच्या दोन काळ्या दगडांवर मी कसाबसा तोललो होतो. पुढे माझ्याखाली फक्त हवा होती.

तेव्हापासून मला खाली बघवेना आणि नजर काढवेना. नेस्तबाई कपडे वाळत घालायला बाहेर यायच्या, मी मनात म्हणायचो, आत जा. त्या आत जायच्या, तर म्हणायचो, बाहेर या, छपराखाली नको. मग त्या कोंबड्यांना दाणे टाकत अंगणभर फिरायच्या, अगदी माझ्या रेषेत. स्वयंपाकघराच्या खिडकीत त्यांची आकृती हलायची. मी एका झटक्यात तिथे पोचू शकत होतो. राखण करायला ज्याला बसवलं तोच आता या घरावर टांगलेला होता, आणि घरात कुणाला पत्ता नव्हता.

पाऊस आला की खालची माती सैल व्हायची. वारा तळ्यावरून आला की तो मला पाठीमागून ढकलायचा. सगळ्यात भीती मला थंडीची. थंडी अजून यायची होती. चिरेतल्या पाण्याचं काय होतं हे माझ्याइतकं कुणाला ठाऊक असणार?

मेंढ्यांना मात्र आधी कळलं. मी अधूनमधून कुरकुरायचो, माणसाच्या कानाला येणार नाही इतकं बारीक. माझ्या पाठीला टेकून बसलेली म्हातारी मेंढी एकदा दचकून उठली, आणि आपली कोकरं घेऊन तळ्याच्या पलीकडे गेली. दुसऱ्या दिवशी आली नाही. कधीच आली नाही. तो गवताचा तुकडा रिकामा पडला आणि मला फार एकटं वाटलं.

शरद संपताना डोंगरावरच्या मेंढ्या गोळा करायचा दिवस असतो. शेजारपाजारचे आपापले कुत्रे घेऊन येतात, शिट्ट्या वाजतात, पांढरे ठिपके ओघळत खाली मेंढवाड्यात जमतात, आणि संध्याकाळी नेस्तबाईंच्या हातचं मटणाचं कालवण. गेथिनही आला होता. लोवरी माझ्यापाशी पोचली आणि थांबली. थाप मारायला तिने हात उचलला होता, तो तसाच राहिला.

“गेथिन, इथल्या कुठे गेल्या?”

गेथिन म्हणाला, गेल्या असतील फिरायला, त्यांनाही हवापालट लागतो.

“चेष्टा नको करू. या कधी जागा सोडत नाहीत. आज्जीच्या वेळेपासून इथेच बसतात.”

ती गवतावर ओणवी झाली. लेंड्या जुन्या होत्या, गवत वाढलेलं होतं. मग ती माझ्या पुढच्या बाजूला आली आणि पोटावर झोपून खाली बघू लागली. तिचा श्वास मला लागत होता. तिने हात आत घातला, जिथे टेकू असायला हवा होता तिथे चाचपला, आणि हात मोकळाच बाहेर काढला. बोटांना पांढरा भुगा लागला होता.

“पांढरा होता ना रे इथे?” तिने विचारलं.

गेथिन गडगे रचणारा माणूस. त्याने एकदा माझ्याखाली बघितलं, एकदा खाली घराकडे, आणि त्याची सगळी कुरकुर बंद झाली. होता, म्हणाला. मग लोवरीने विचारलं, “माझ्या पाटीनेच हे झालं ना?” त्याने तिच्या बोटांवरचा भुगा आपल्या बाहीने पुसला. तिला ते पुरलं.

पुढचं बोलणं दोघांनी माझ्यापासून लांब उभं राहून केलं, जणू आवाजानेही मी पडेन. डोंगराची देखभाल करणाऱ्या सरकारी माणसांना कळवायचं, ते ठरलं. पण त्यांना यायला वेळ लागणार, आणि गोठणारी थंडी दारात येऊन उभी होती. मला फोडायचं तर तुकडे घरावरच जाणार. म्हणजे टेकू द्यायचा, आणि तो आजच. लोवरी म्हणाली, दगडांना काय तोटा आहे इथे. गेथिनने मान हलवली. इथला दगड छपराच्या पाटीचा, माझं वजन आलं की पापुद्रे सुटून पीठ होणार. गारगोटीच हवी. आणि या दरीतली गारगोटी सगळी एकाच जागी होती.

गेथिन बुटाच्या टोकाने गवत उकरत राहिला. शेवटी लोवरीच म्हणाली, “खिंडीतून आणावी लागेल.”

“तुझी हिंमत होईल?” त्याने विचारलं. “मी रचलीय ती. माझी नाही होणार.”

“आधी आईला घराबाहेर काढू,” एवढं म्हणून ती खाली उतरली.

हवा थंड आणि स्थिर असली की आमच्या या वाटीसारख्या दरीत अंगणातला शब्द न् शब्द वर येतो. नेस्तबाईंचा तर वारा असला तरी येतो. त्या घर सोडायला तयार नव्हत्या. कालवण शिजतंय म्हणाल्या. इतकी वर्षं त्या म्हाताऱ्याखाली राहिले, तो काही मला मारायचा नाही म्हणाल्या. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

गेथिनने विनवून बघितलं. “काकू, गाडीत तरी बसा. रस्त्याला लावतो, हीटर लावून देतो.”

“तू गप्प बस रे. तुझ्या गाडीला कुत्र्याचा वास येतो.”

मग लोवरीने सगळं सांगितलं. पाटीचं, दगडांचं, टेकू कुणी आणि का नेला त्याचं, आणि आता एमिरची रास मोडावी लागणार हेही. मला वाटलं, आता ही बाई मुलीला काय काय बोलेल.

“लोवरी,” नेस्तबाई म्हणाल्या, “मी त्या खिंडीत कधी गेलेय का गं? माझे गुडघे मला धड मेंढवाड्यापर्यंत नेत नाहीत. मी सोडून सगळं जग माझ्या पोराला भेटून आलं. येणारे-जाणारे फाटकात उभे राहून मला सांगतात, छान आहे हो वर. मी मान हलवते. आणा त्याला खाली.”

मग त्यांनी चुलीवरचं कालवण उतरवलं, लाडकी कोंबडी काखेत मारली आणि कुत्र्याचा वास येणाऱ्या गाडीत जाऊन बसल्या.

पथकातली माणसं आली, मेंढ्या गोळा करायला आलेले शेजारीही थांबले. खिंडीपासून माझ्यापर्यंत त्यांनी रांग धरली आणि एमिरची रास एकेक दगड करून हातोहात खाली येऊ लागली. ज्यांवर नावं होती ते दगड बाजूला ठेवले जात होते. लाल टोपीवालीने नेलेला तुकडाही आला. मी त्याला ओळखला.

गेथिनने मला दोर बांधून तो मागच्या कातळात ठोकलेल्या लोखंडी खुंट्यांना अडकवला. तो दोर मला धरणारा नव्हता, माणसांच्या मनाला धरणारा होता. मग प्रश्न आला, आत हात कुणी घालायचा. फट अरुंद. गेथिनचा पंजा आत जाईना. पुढून आडवं झोपून, खांद्यापर्यंत हात घालून, डोळ्यांना न दिसता दगड बसवायचे होते. लोवरीचा हात मात्र त्याला सरावलेला होता. अडलेल्या मेंढीच्या पोटात घालून उलटं कोकरू सुलटं करणारा हात. तिने बाही वर केली आणि माझ्या पुढ्यात झोपली. तिचं डोकं माझ्याखाली होतं.

माझ्या आयुष्यातली सगळी भीती एकीकडे आणि ती घटका एकीकडे. बर्फाच्या पोटात मी माझ्यासाठी घाबरलो होतो. आता माझ्याखाली एक जिवंत हात होता, त्याची ऊब मला कळत होती, आणि माझ्या वजनावर माझी काहीच सत्ता नव्हती. मी पडू नये म्हणून मला काही म्हणजे काहीच करता येत नव्हतं. गेथिन दगड निवडून देत होता, ती आत ढकलत होती, फिरवत होती, बसवत होती. तळाला मोठे, मध्ये पाचरी.

तेवढ्यात वारा तळ्यावरून उठला आणि मी सरकलो.

नखभर सरकलो असेन, पण आवाज सगळ्यांनी ऐकला. रांगेतलं कुणीतरी देवाचं नाव घेतलं. गेथिनने लोवरीचे पाय धरले, ओढायलाच.

“ओढू नको,” लोवरी आतून म्हणाली. “आता हात काढला तर सगळं जाईल. पुढचा दे.”

“लोवरी, पुरे. बाहेर ये.”

“गेथिन, आई त्या घरात झोपणार आहे. दे.”

त्याने दिला. तिने तो शेवटचा तुकडा पाचरीसारखा घुसवला, मुठीने ठोकला, आणि हात बाहेर ओढला. कोपरापासून बोटांपर्यंत सोलून निघाला होता. ती बाजूला होते न होते तोच माझं वजन पुढे आलं. मी त्या दगडांवर टेकलो. एक करकर झाली, मग दुसरी, जरा खोलवरून. मग सगळं थांबलं.

लोवरी तशीच ओल्या कातळावर बसून रडली. गेथिन तिच्या शेजारी बसला आणि म्हणाला की एमिर असता तर म्हणाला असता, काय भिकार रचलंय. त्यावर ती हसली.

सरकारी माणसं पुढे आली. त्यांनी माझ्या पाठीत लोखंडाच्या सळ्या घातल्या. फार दुखलं, पण मी तक्रार करत नाही. आणि माझ्या बुडाशी, मी आणि कातळ यांच्यामध्ये त्यांनी काचेची एक पातळ पट्टी चिकटवली. मी अगदी थोडा जरी हललो तरी ती काच तडकेल. काच तडकली की घर सोडायचं, हे त्यांनी लोवरीला बजावून सांगितलं. ती रोज वर येऊन काच बघते. आज शाबूत आहे. उद्याचं मला माहीत नाही. थंडी पडली की चिरेत पाणी गोठतं, मला ते ऐकू येतं, आणि मी त्या काचेकडे बघत राहतो.

फाटकावरची पाटी लोवरीने बदलली. दगड वर नेऊ नका, असं त्यावर आहे. नावं लिहिलेले दगड मात्र गेथिनने परत खिंडीत नेऊन ठेवले, धुक्यात वाट दिसण्यापुरती लहानशी रास करून. मेंढ्या अजून माझ्याकडे परतलेल्या नाहीत. मी वाट बघतोय. त्यांचा विश्वास बसल्याशिवाय माझाही बसणार नाही.

तुम्ही कधी कुम हेलिगला आलात तर माझ्या आडोशाला जरूर बसा. पाव खा, ओरखड्यांवरून बोटं फिरवा, मी काही म्हणणार नाही. पण वाकून माझ्याखाली हात घालू नका. तिथे पांढरं जे दिसतं ते कुणाचंतरी आहे.

आता सकाळी नेस्तबाई मागच्या दारातून बाहेर येतात, कोंबड्या सोडतात आणि वर बघतात. खिंड त्यांना कधी दिसली नाही, पण माझ्या पायाशी असलेला पांढरा ठिपका अंगणातून स्वच्छ दिसतो. या घराचं ते जुनं वाक्य त्या अजून म्हणतात, मात्र मला उद्देशून नाही. कपाळावर आडवा हात धरून त्या माझ्याखाली बघतात आणि मोठ्याने सांगतात, “एमिर, म्हाताऱ्याकडे लक्ष असू दे.”